मोलाचे मार्गदर्शन

महाविद्यालयांचे वार्षिकांक हे परीक्षणास घेण्याजोगे वाङ्मय आहे असे सहसा कोणी समजत नाही. त्यांत विद्यार्थ्यांच्या कविता असतात, प्राध्यापकांचे दोनचार लेख असतात, बक्षिसे मिळविणाऱ्यांची छायाचित्रे असतात आणि अखेरीस वर्षभरात पार पडलेल्या उपक्रमांचा अहवाल असतो. कविता मित्र वाचतात, छायाचित्रे आईबाप पाहतात. अहवाल मात्र तो लिहिणाऱ्यावाचून दुसरे कोणी वाचीत असेल असे वाटत नाही. आम्ही तो वाचतो. महाविद्यालयाची नाडी हाताला लागायची असेल तर ती याच रुक्ष पानांत लागते, असा आमचा अनुभव आहे.

पनवेल व त्याच्या आसपासच्या महाविद्यालयांचे असे काही अहवाल आमच्या पाहण्यात आले. कोणत्या संस्थेचे ते सांगण्याचे प्रयोजन नाही. कारण शीर्षभागी छापलेले नाव झाकले तर एकीचा अहवाल दुसरीच्या नावावर सहज खपून जाईल. अमुक दिनांकास अमुक विषयावर अमुक मान्यवरांचे व्याख्यान ‘संपन्न’ झाले. दीपप्रज्वलन कोणी केले, शाल व श्रीफळ कोणी दिले, पाहुण्यांचा परिचय कोणी करून दिला आणि आभार कोणी मानले, याची नोंद चोख असते. पाहुण्यांनी ‘मोलाचे मार्गदर्शन’ केले व ‘बहुसंख्य विद्यार्थ्यांनी त्याचा लाभ घेतला’ हेही असते. नसते ते एवढेच, की वक्ता बोलला काय. शंभर पानांच्या अंकात वक्त्याचे एक वाक्य सापडत नाही, श्रोत्याचा एक प्रश्न सापडत नाही आणि ‘मला हे पटले नाही’ असे म्हणणारा विद्यार्थी तर मुळीच सापडत नाही. मोल ठरविणारा कोणी नसता मार्गदर्शन मोलाचे कसे ठरले, हे कोडे वाचकाने आपल्यापुरते सोडवावयाचे असते.

लेखनाचा दोष म्हणून हे सोडून देता आले असते. अहवाल लिहिणे हे काम बहुधा वयाने लहान अशा प्राध्यापकाच्या गळ्यात पडते आणि त्याने गेल्या वर्षीचा अहवाल पुढ्यात घेऊन तारखा बदलल्या तर त्यास दोष देववत नाही. परंतु आमची शंका निराळी आहे. वक्ता काय बोलला हे अहवालात नसते, कारण ते कोणाच्या लक्षातही नसते. आणि लक्षात नसते, कारण ते ऐकण्याकरिता ती सभा भरलेलीच नव्हती.

पनवेलचे उदाहरण आम्ही हेतुपूर्वक घेतो. एका पिढीच्या आत शिक्षणसंस्थांची एवढी दाटी झालेली गावे महाराष्ट्रात फार नसतील. रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय जुन्या पनवेलीत आहे. नव्या पनवेलीत कला, विज्ञान, वाणिज्य आणि अभियांत्रिकी या सर्वांची महाविद्यालये आहेत. कामोठ्यास वैद्यकीय शिक्षण आहे. आणि भाताण येथे तर २०१४ च्या कायद्याने स्थापन झालेले अ‍ॅमिटी हे खासगी विद्यापीठच उभे आहे. २०१६ च्या ऑक्टोबरात गाव महानगरपालिकेच्या पदवीस चढले. एकेकाळी भाताच्या व्यापाराकरिता प्रसिद्ध असलेल्या या बंदरात आता, विशेषोक्ती सोडून बोलावयाचे तर, व्याख्यानांचीच आवक सर्वांत मोठी असावी. ताणतणावांचे नियोजन, व्यक्तिमत्त्वविकास, स्पर्धा परीक्षांचा मंत्र, उद्योजकता, कृत्रिम बुद्धिमत्ता: विषयांस तोटा नाही आणि वक्त्यांसही नाही. मग तक्रार कशाची, असे कोणी विचारील.

तक्रार समजावी म्हणून या सभेचे पोट जरा उघडून पाहू. नव्वद मिनिटांची सभा असेल तर दीप, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय आणि सत्कार यांत पहिली तीस मिनिटे जातात. अध्यक्षीय मनोगत व आभार यांस शेवटची पंधरा राखून ठेवावी लागतात. उरलेल्या वेळात वक्ता पडद्यावरील चित्रफिती दाखवितो आणि ‘काही प्रश्न?’ असे विचारतो, त्या वेळी पुढच्या तासाची घंटा झालेली असते. मागच्या रांगांतून हजेरीचा कागद फिरत असतो. वक्ता व्यासपीठावर येताच छायाचित्रे घेतली जातात, आणि ती साधी नव्हेत. स्थळ, दिनांक व अक्षांश-रेखांश ज्यांवर उमटलेले आहेत अशी. विद्यार्थ्यांकडून अभिप्रायाचे पत्रक भरून घेतले जाते व प्रमाणपत्र दिले जाते. हे सर्व एका धारिकेत जाते आणि ती धारिका मूल्यांकनास येणाऱ्या समितीची वाट पाहत कपाटात बसते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रमाणन परिषद, जिला सर्वजण ‘नॅक’ या आद्याक्षरी नावानेच ओळखतात, ती १९९४ साली स्थापन झाली. आणि तिने पुरावा मागितला यात तिचे काहीच चुकले नाही. पुराव्यावाचून सांगितलेल्या पराक्रमांवर आपल्या देशात किती विसंबावे हे आपण सारे जाणतो. पुरावा मागण्यात पाप नाही. कृत्य पुराव्याकरिताच होऊ लागले, येथे घात आहे. लग्नाचे छायाचित्र काढतात. छायाचित्राकरिता लग्न लावीत नाहीत.

आता थोडे मागे जाऊ. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने १८४८ साली एक सभा स्थापन केली. तिचे नाव ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’. मुंबई विद्यापीठ जन्मास येण्यास त्या वेळी नऊ वर्षांचा अवकाश होता. म्हणजे आपल्याकडे विद्यार्थ्यांची सभा विद्यापीठाहून वडील आहे, ही गोष्ट आमचे कुलगुरू बहुधा विसरतात. या सभेत बाहेरचा पाहुणा बोलावून त्याचे मार्गदर्शन घेण्याचा प्रघात मुख्य नव्हता. सभासदाने स्वतः निबंध लिहून आणावा, तो वाचावा आणि इतरांनी त्यावर बोलावे, अशी रीत होती. इंग्रजीतील चर्चा मूठभरांपुरती राहते हे ध्यानी येताच मराठी व गुजराती अशा दोन ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. मराठी सभेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंगांकडे होते. पुढच्याच वर्षी, १८४९ साली, याच तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या. दादाभाई नौरोजी त्यांत होते. शिकविण्यास पगारी शिक्षक नव्हते. सभासदच सकाळच्या वेळी फुकट शिकवीत. स्त्रीशिक्षण बरे की वाईट यावर निबंध वाचून, वाद घालून, जो निष्कर्ष निघाला तो अमलात आणण्यास त्यांनी कोणाच्या परिपत्रकाची वाट पाहिली नाही.

दुसरे उदाहरण खुद्द पनवेलच्या अंगणातले आहे. मुंबई–गोवा रस्त्याने कर्नाळ्याकडे निघाले की वाटेत शिरढोण लागते. १८४५ साली येथे जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांस आपण बंडवाले म्हणून ओळखतो. परंतु बंडापूर्वी ते श्रोते होते, हे फारसे कोणी सांगत नाही. पुण्यात लष्करी हिशेबखात्यात नोकरी करीत असता, १८७२-७३ च्या सुमारास, न्यायमूर्ती रानड्यांची देशी व्यापाराच्या ऱ्हासावरील व्याख्याने त्यांनी ऐकली. त्यानंतर ते स्वतः व्याख्याने देऊ लागले. त्यांच्या व्याख्यानास संयोजक नव्हता, निमंत्रणपत्रिका नव्हती. दिवसा हाती थाळी घेऊन ती बडवीत ते पुण्याच्या रस्त्यांतून हिंडत आणि संध्याकाळी अमुक ठिकाणी माझे व्याख्यान आहे, यावे, असे स्वतःच ओरडून सांगत. पुढे १८७६-७७ चा दुष्काळ पडला आणि कथा दुसऱ्याच वळणास गेली. १८८३ साली एडनच्या तुरुंगात ती संपली.

रानड्यांच्या मनात यांतले काय होते? काहीच नाही. सनदशीर मार्गावर ज्यांची अढळ निष्ठा, त्या न्यायमूर्तींचे आकडे ऐकून एका कारकुनाने शस्त्र हाती घ्यावे, हे त्यांस कधीही रुचले नसते. परंतु व्याख्यान याचेच नाव. वक्त्याच्या तोंडून शब्द निघाला की तो श्रोत्याचा होतो आणि श्रोता त्याचे काय करील हे संयोजकास ठाऊक नसते. ज्या व्याख्यानाचा परिणाम आधीच छापून ठेवलेल्या अभिप्राय-पत्रकातील पाच चौकटींत मावतो, त्यास आम्ही व्याख्यान म्हणण्यास तयार नाही. पनवेलीतील नाट्यगृहास फडक्यांचे नाव दिलेले आहे, हे योग्यच झाले. त्या गृहात प्रवेश करताना थाळीचीही आठवण कोणास होत असेल तर बरे.

येथे आमच्यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. १८४८ चे ते सभासद मूठभर होते, पुरुष होते आणि बहुतेक उच्च वर्णांतले व सुखवस्तू घरांतले होते. त्यांचा दाखला आजच्या हजारोंच्या महाविद्यालयास कसा लागू पडावा? आक्षेप खरा आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हीच तर तक्रार मांडली होती, की वरच्या शिक्षणावर होणाऱ्या खर्चाचा लाभ वरच्यांसच मिळतो आणि ज्यांच्या श्रमांतून तो पैसा येतो त्यांची मुले अक्षरशत्रू राहतात. ज्या फुल्यांच्या नावाने पनवेलीत महाविद्यालय चालते, त्याच्या सभागृहात आज आगरी, कोळी, कराडी घरांतील मुले बसतात, मुली बसतात, घराण्यात महाविद्यालयाची पायरी प्रथमच चढलेली मुले बसतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली ती हे दृश्य दिसावे म्हणूनच. मग आमचे म्हणणे उलट अधिकच तीव्र होते. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे त्याने एक व्याख्यान झोपेत घालविले तरी त्याचे फारसे बिघडत नाही. ज्याच्या घरी ते नाही, त्याच्या वाट्यास बाहेरचा जाणता माणूस प्रत्यक्ष बोलताना ऐकण्याची संधी याच सभागृहात येते, आणि तीच आपण शाल-श्रीफळात घालवितो.

आणखी एक अडसर भाषेचा. अभियांत्रिकीच्या आणि नव्या थाटाच्या संस्थांतून वक्ते इंग्रजीत बोलतात. बोलोत, विषयच तसा असेल तर आमची हरकत नाही. परंतु प्रश्नही इंग्रजीतच विचारला पाहिजे असा जो अलिखित दंडक झाला आहे त्यामुळे मराठी शाळेतून आलेला मुलगा वाक्य मनात जुळवीत बसतो आणि ते जुळेपर्यंत आभारप्रदर्शन सुरू होते. एल्फिन्स्टनच्या विशीतील पोरांस जे कळले व ज्याकरिता त्यांनी देशी भाषांत निराळ्या सभा काढल्या, ते आज आमच्या संयोजकांस सुचू नये याचे नवल वाटते.

तरीही आजचे विद्यार्थी निरुत्साही आहेत असे जे वडील माणसांकडून ऐकू येते ते आम्ही मान्य करीत नाही. व्याख्यानात जांभया देणारा हाच विद्यार्थी एकांकिकेच्या तालमीस रात्री दोनपर्यंत जागतो. मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवाचे दिवस आले की महाविद्यालयाच्या जिन्यांवर, वाहनतळावर, जेथे जागा मिळेल तेथे मूकाभिनय, लोकनृत्य व वक्तृत्व यांच्या तालमी चालू असतात. संहिता त्यांची, भांडणे त्यांची, नेपथ्याच्या फळ्या टेम्पोत चढविणारे खांदे त्यांचे. आणि प्रेक्षक कोणाची भीड धरीत नाही. प्रयोग रटाळ झाला तर टाळ्या अवेळी पडतात व शिट्ट्या वेळेवर. तेथे ‘प्रयोग संपन्न झाला’ असे लिहून सुटका होत नाही.

पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालत आली आहे. २०२२ साली तिच्या अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी निर्णय दिला की करंडकास पात्र अशी एकही एकांकिका यंदा नाही. त्यावर मोठे वादळ उठले. मुलांची मने दुखावली असे काहींनी म्हटले. दर्जा राखला असेही काहींनी म्हटले. निर्णय योग्य की अयोग्य हे प्रयोग पाहणाऱ्यांनी ठरवावे. आम्हांस महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट: विद्यार्थ्यांच्या उद्योगास ‘नाही’ म्हणता येते, म्हणजे तो उद्योग कोणी तरी गंभीरपणे पाहत आहे. महाविद्यालयीन व्याख्यानांच्या सबंध इतिहासात ‘आजचे व्याख्यान बरे झाले नाही’ असे वाक्य कोणत्या अहवालात छापले गेले असेल तर ते आम्हांस अवश्य पाठवावे. आम्ही त्या महाविद्यालयाचा जाहीर गौरव करू.

राष्ट्रीय सेवा योजनेविषयी थोडे लिहिणे भाग आहे. गांधीशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतून ती सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षास १२० तास काम करावयाचे आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरास खेड्यात जाऊन राहावयाचे, अशी तिची रचना आहे. झाडे लावणे व स्वच्छतेच्या फेऱ्या काढणे यांबद्दल कोणी काही म्हणो. सात दिवस परक्या गावात राहून, स्वतः रांधून, रात्री गावकऱ्यांशी बोलत बसलेल्या मुलास जे कळते ते वर्गात कळत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात या कामास श्रेयांक मिळू लागले आहेत. श्रेयांकाकरिता येणाऱ्यांची संख्या वाढेल यात शंका नाही. शिबिराच्या रात्री गप्पांस किती जण बसतील, हे पाहावयाचे.

आणि विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींचे काय? १९९४ च्या कायद्याने निवडणूक जाऊन गुणानुक्रमे नेमणूक आली; २०१६ च्या कायद्याने निवडणूक पुन्हा कागदावर आली. निवडणुकीत मारामाऱ्या होत व खूनही झाले, हे विसरून चालणार नाही. परंतु कोणास बोलवावे, कोणता विषय असावा, हे ज्यांच्याकरिता सभा आहे त्यांस कोणी विचारीतच नसेल, तर सभा परकीच राहणार.

तसे विचारले असते तर पनवेलीत कोणते विषय निघाले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पनवेल, उरण व ठाणे तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर वसविण्याचे ठरले. मोबदल्याच्या प्रश्नावर १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात आंदोलन झाले, गोळीबार झाला, पाच माणसे प्राणास मुकली. त्यांतून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. त्या आंदोलनाचे पुढारी दि. बा. पाटील. अलीकडे विमानतळाकरिता दहा गावे उठली, उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळविला गेला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्यांच्या आजोबांनी त्या आंदोलनात भाग घेतला आणि ज्यांचे वडील साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाच्या कागदांकरिता फेऱ्या घालीत होते, ती मुले या सभागृहांत बसलेली असतात. त्यांच्यासमोर परगावचा वक्ता येतो आणि यशाची सात सूत्रे सांगून जातो. भूसंपादनाचा कायदा जाणणारा वकील, खाडीतील मासळी कमी का झाली हे सांगणारा शास्त्रज्ञ, खारबंदिस्तीची शेती केलेला म्हातारा, सिडकोचा एखादा निवृत्त नगररचनाकार: यांस एकाच व्यासपीठावर बसवून पाहावे. प्रश्न विचारा अशी विनंती करावी लागणार नाही. सभा आवरावी लागेल.

हे राजकारण होईल, अशी भीती प्राचार्यांस वाटते, आणि ती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. पक्षांचे झेंडे फाटकापर्यंत आलेलेच असतात. परंतु ज्या मुलांस अठराव्या वर्षी मत देण्याचा अधिकार आहे, त्यांस आपल्या गावाच्या जमिनीविषयी दोन बाजू ऐकण्याचा अधिकार महाविद्यालयाने नाकारला तर त्या बाजू त्यांस ऐकू येणार नाहीत असे थोडेच आहे? त्या भ्रमणध्वनीवर ऐकू येतील, एकच एक बाजू आणि तीही आरडाओरड्यासह. प्राध्यापक अध्यक्षस्थानी असलेली सभा त्याहून शंभरपट सुरक्षित.

आमच्या वाचकांतील अनेकांची मुले अशा सभागृहांतून बसत असतील. संध्याकाळी मुलगी घरी आली की ‘आज कोणाचे व्याख्यान झाले?’ असे न विचारता ‘ते काय म्हणाले?’ असे एकदा विचारून पाहावे. उत्तर आले तर आनंदच आहे. न आल्यास तिच्यावर रागावू नये.

महाविद्यालयांस आमची सूचना अगदी लहान आहे व तिला खर्च काही नाही. प्रत्येक व्याख्यानाचा अहवाल प्राध्यापकाने न लिहिता एखाद्या विद्यार्थ्याने लिहावा, आणि त्यात तीन गोष्टी असल्याच पाहिजेत: वक्त्याचे मुख्य म्हणणे चार ओळींत, सभेत विचारलेला एक प्रश्न, आणि लिहिणाऱ्यास न पटलेली एक गोष्ट. दीप कोणी लावला ते खाली बारीक टाइपात घालण्यास हरकत नाही. मूल्यांकन समितीस हे चालेल काय, असे एका प्राध्यापकमित्रांनी आम्हांस विचारले. आमच्या समजुतीप्रमाणे अक्षांश-रेखांशांपेक्षा विद्यार्थ्याचा प्रश्न हा सभा झाल्याचा अधिक चांगला पुरावा आहे. छायाचित्रात मिटलेले डोळेही उघडेच दिसू शकतात. पनवेलच्या एखाद्या महाविद्यालयाने येत्या वर्षी असे करून पाहिले, तर त्याचा वार्षिकांक आमच्याकडे जरूर पाठवावा. कवितांच्या आधी आम्ही ते पान वाचू.